‘बायकांना फ्लू बाधत नाही’ म्हणणाऱ्या त्या मेसेजबद्दल

गेल्या पंधरवड्यात आमच्या भिशीच्या ग्रुपवर एकच मेसेज तिघींनी टाकला. त्यातले दावे असे: बायकांची प्रतिकारशक्ती पुरुषांच्या दुप्पट, म्हणून फ्लू-कोविड त्यांना बाधत नाही. धोका फक्त म्हाताऱ्यांना. ताप 101 च्या वर गेला नाही तर खुशाल अंगावर काढा. आणि साठीनंतर फ्लूची लस म्हणजे पैसे पाण्यात. मी बारावीला जीवशास्त्र शिकवते, आणि यातली एक समजूत आमच्या घरात जिवावर बेतणार होती. म्हणून लिहिते आहे.

पहिल्या दाव्यात तथ्याचा अंश आहे, म्हणूनच तो पटकन पटतो. विषाणूचा आरएनए ओळखणाऱ्या टीएलआर7 या प्रथिनाचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईच्या पेशीत दोन एक्स असतात. त्यातला एक बहुतांशी बंद असतो, पण हे जनुक काही पेशींत त्या बंद एक्सवरूनही चालू राहतं. त्यामुळे इंटरफेरॉन, म्हणजे विषाणूला सुरुवातीलाच अडवणारं रसायन, बायकांत जास्त तयार होतं. पण म्हणून विषाणू बाधत नाही? कोविडच्या पहिल्या वर्षी जगभरातल्या 30 लाखांहून जास्त रुग्णांची आकडेवारी तपासली, तेव्हा लागण दोघांना जवळपास सारखीच निघाली. फरक पडला तो पुढे: आयसीयूत जाण्याची शक्यता पुरुषांची सुमारे तिप्पट होती.

आणि हा फायदा कायमचा नाही. 2009 च्या स्वाइन फ्लूत अमेरिकेतल्या मृतांपैकी सुमारे 5 टक्के गर्भवती होत्या, लोकसंख्येत त्या जेमतेम 1 टक्का असताना. 1918 च्या फ्लूच्या साथीत तर आपल्याकडे पुरुषांपेक्षा बायकांचा मृत्युदर जास्त होता. जनुकं तेव्हाही हीच होती. आजाऱ्याच्या उशाशी कोण बसतं आणि उरलंसुरलं कोण खातं, हे मी कुणाला सांगायला नको.

‘फक्त म्हातारे’ हेही चूक. 1918 मध्ये सर्वांत भरडली गेली ती 20 ते 40 वयाची माणसं. 2009 मध्ये देशातला स्वाइन फ्लूचा पहिला बळी पुण्यातली शाळकरी मुलगी होती, तर पुष्कळ वृद्ध वाचले, कारण त्यांच्या शरीराने लहानपणी त्याच जातकुळीचा विषाणू पाहिला होता. वयाचा परिणाम अर्थात खरा आहे. नव्या शत्रूसाठी टी-पेशी, म्हणजे विषाणूशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, घडवणारी थायमस ग्रंथी वयात आल्यापासूनच आक्रसायला लागते. शिवाय काहींच्या शरीरात स्वतःच्याच इंटरफेरॉनला निकामी करणारी प्रतिपिंडं (अँटिबॉडीज) तयार होतात. अत्यवस्थ कोविडच्या 987 रुग्णांत अशी प्रतिपिंडं 101 जणांत सापडली, आणि त्यातले 95 पुरुष होते. जवळपास निम्मे जण 65 च्या पुढचे. वय आणि लिंग असे एकमेकांत गुंतलेले असतात. एकाकडेच बोट दाखवून चालत नाही.

आता तापाचं. माझ्या सासूबाई 76 वर्षांच्या. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात त्यांना खोकला झाला. तापमापक 98.8 दाखवत होता, म्हणून मीही दोन दिवस थांबले. तिसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे ठेवलेला चहा साय धरेपर्यंत तसाच राहिला. रात्री त्या देवापुढे दिवा लावायला दोनदा उठल्या आणि मला नणंदेच्या नावाने हाक मारली. “आई, काय होतंय?” विचारलं तर, “काही नाही गं, थकवा.” ऑक्सिमीटरवर 87. फ्लूतून न्यूमोनिया झाला होता.

ताप विषाणू आणत नाही, आपलं शरीर आणतं. पांढऱ्या पेशींनी सोडलेली रसायनं मेंदूतल्या तापमान सांभाळणाऱ्या केंद्राला निरोप देतात. वय झालं की हा निरोप क्षीण होतो आणि मुळातलं तापमानही थोडं खाली आलेलं असतं. म्हणून वृद्धांमध्ये जेवण तुटणं, गोंधळणं, तोल जाणं हीच आधीची लक्षणं ठरू शकतात. तो 101 चा आकडा येईपर्यंत थांबणं त्यांच्यासाठी धोक्याचं आहे.

उरली लस. म्हातारपणी ती कमी चालते, हे खरं. त्यावर तोडगा म्हणून 65 च्या पुढच्यांसाठी चौपट मात्रेची लस आली, आणि मोठ्या चाचणीत तिने साध्या लशीच्या तुलनेत फ्लूचं प्रमाण 24 टक्क्यांनी आणखी कमी केलं. साधी लसही गंभीर आजाराची शक्यता घटवतेच. सासूबाई आता दरवर्षी पावसाळ्याआधी ती घेतात.

धडधाकट असताना त्यांचं तापमान आम्ही आठवडाभर मोजलं. 97.2 भरलं. ते कालनिर्णयच्या मागे लिहून ठेवलंय, आणि खाली: 99.2 झालं की डॉक्टरांना फोन.