साहेबांशी बोलून घ्या

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेलं गटाराचं झाकण गेलं. चोरीला गेलं की डंपरखाली फुटलं, देव जाणे. मी अडाणी, ॲपवर फोटोसकट तक्रार टाकली. सातव्या दिवशी मेसेज आला, 'आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे.' खाली जाऊन पाहिलं, तर निराकरण म्हणजे भोकात खोचलेली बदामाची फांदी आणि तिला बांधलेलं लाल फडकं.

तेव्हा मंडळी, मुंबईत राहायचं तर माझ्यासारखं वागू नका.

एक तर तक्रार करू नका. तक्रार क्रमांक जपून ठेवायला असतो, सत्यनारायणाच्या अक्षतांसारखा.

दुसरं, ओळख काढा. १९६६ साली शिवसेना निघाली आणि पुढे नाक्यानाक्यावर शाखा उभ्या राहिल्या. नळाचं पाणी, शाळेतला प्रवेश, रात्री दोनची ॲम्ब्युलन्स, जे ऑफिसात होत नव्हतं ते शाखेत व्हायचं, हे कबूल करायलाच हवं. माझ्या आजीला इस्पितळात खाट शाखेतल्या पोरांनीच मिळवून दिली होती. मग बाकीचेही शिकले. आता एका बाजूला गटप्रमुख, शाखाप्रमुख, विभागप्रमुख. दुसऱ्या बाजूला बूथप्रमुख, पन्नाप्रमुख. पन्नाप्रमुखाकडे मतदार यादीचं एक पान असतं. त्याला आपलं नाव, मजला, वर गेलेले सासरे, सगळं पाठ. वॉर्ड ऑफिसला मात्र आमची गल्लीच सापडत नव्हती.

जाताना नीट चौकशी करून जा. जून २०२२ नंतर शाखाही दोन झाल्यात.

'काम कुणाचं?' असं विचारलं तर 'आपलंच' म्हणा.

मीही शेवटी एका पक्षाच्या ऑफिसात गेलोच. तिथल्या पोराने गुटखा एका गालात सरकवून फोन लावला. 'साहेब, आपल्या माणसाचं काम आहे.' मी त्यांचा माणूस कधी झालो, मलाही कळलं नाही. अडीच तासांत टेम्पो आला. सोबत तोच इंजिनीअर, ज्याने पंधरा दिवस 'स्टॉक नाही, टेंडर अडकलंय' म्हणून मला परत पाठवलं होतं. त्याने मला नमस्कार केला. आधी कधी मान वर करून बघितलं नव्हतं! झाकण दोन फुटांचं आणि वर दहा फुटांचा बॅनर, 'यांच्या अथक प्रयत्नांनी'. वरच्या रांगेतले चेहरे नारळाएवढे, खालचे लिंबाएवढे, आणि कोपऱ्यात हात जोडलेला गुटख्यावाला : 'भावी नगरसेवक'.

म्हणजे झाकण होतं. गोडाऊनमध्ये पडून होतं! टेंडर नाही, स्टॉक नाही, काही अडलेलं नव्हतं. कोणाचा तरी फोन यायचा होता. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात एल्फिन्स्टनजवळ उघड्या मॅनहोलमध्ये एक नामांकित डॉक्टर पडले आणि त्यांचा मृतदेह वरळीला मिळाला. त्यांनी कोणाला फोन लावायचा होता? मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं या शहरात नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाच्या हाती. तेव्हा तरी काय वेगळं होतं? माजी आणि भावी यांचेच फोन चालत होते. आता २२७ निवडून आलेत, म्हणजे फोन लावायला रीतसर माणूस मिळाला, एवढंच. पगार आपल्या करातून, झाकण आपल्या करातून, आणि उपकार यांचे!

आमच्या भोकातली ती फांदी त्यांनी फेकलीही नाही. पलीकडच्या गल्लीतल्या उघड्या गटारात खोचून गेले. तिथून सकाळी शाळेची पोरं जातात.

आणि तुम्ही हसू नका. मते मागायला आले की 'आमचं तेवढं पार्किंगचं बघा' म्हणता, पलीकडच्या गल्लीचं कधी विचारलंत? सोसायटीच्या ग्रुपवर त्या बॅनरच्या फोटोला एकवीस अंगठे आले. एकवीस! त्यात एक माझाही आहे. लाज वाटायला हवी आपल्याला.