म्हणे, गोव्यात कुठलं आलंय कुपोषण!

व्हॉट्सॲपवर फिरणारा मेसेज थोडक्यात असा: गोव्यात कुपोषण नाही, अंगणवाडीचा आहार बाहेरून आलेल्या मजुरांच्या मुलांसाठी आहे, आपल्या आया त्या आहाराची घरी नेलेली पाकिटं गुरांना घालतात, आणि मूल बारीक असेल तर आईच भरवत नाही. सत्तरी तालुक्यातल्या चौघींनी मला तो पाठवला. त्यांतल्या दोघी स्वतः पाकीट नेतात.

कुपोषण नाही हे साफ खोटं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) गोव्यातली पाच वर्षांखालची २५.८ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी भरली. आधीच्या फेरीत ती २०.१ टक्के होती.

'बाहेरच्यांचा आहार' म्हणणाऱ्यांनी २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा वाचावा. सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांचा तो हक्क आहे; गोव्यात जन्मलं पाहिजे अशी अट नाही. बांधकामावर राबणाऱ्या बाईचं मूलही त्यात आलं.

आता गुरांचं. माझ्या घरी पाकीट महिनाभर कधी पुरलं नाही, कारण धाकटीच्या वाटीतलं चार वर्षांचा थोरलाही खायचा. एकाला भरवायचं आणि दुसऱ्याला बघत बसवायचं, हे कुठल्या आईला जमेल?

आई भरवत नाही, हे मात्र फार लागलं. धाकटी अकरा महिन्यांची असताना हेल्थ सेंटरात तिच्या दंडाला घेर मोजायची रंगीत पट्टी लावली. पिवळ्यावर आली. "भरवत नाहीस काय गो?" एवढंच ऐकून मी घरी आले. पिवळं म्हणजे दंडाचा घेर साडेअकरा ते साडेबारा सेंटीमीटर, म्हणजे मध्यम कुपोषण, हे कुणी सांगितलं नाही. मी रोज भरवत होते, पण सासूबाईंनी सगळ्या मुलांना दिली तशी पेजेची निवळ. तिने पोट भरतं, अंगाला काही लागत नाही. पुढच्या खेपेला दुसऱ्या नर्सबाईंनी शेजारी बसवून विचारलं, किती वेळा देतेस, किती घट्ट? मग सांगितलं: शितं कुस्करून घट्ट पेज, त्यात डाळ, चमचाभर खोबरेल, काटे नीट काढून बांगड्याचा तुकडा, दिवसातून तीन-चार वेळा. पाच मिनिटांचं बोलणं. ते पहिल्याच दिवशी झालं असतं तर एक महिना वाचला असता.

काजूच्या दिवसांत पहाटे बागेत जाणाऱ्या बाईकडून मुलाच्या वजनाचा दिवस चुकतो, तोही निष्काळजीपणा नव्हे. तिची मजुरी बुडते.

माझ्यासारख्या आयांना एकच सांगते. पट्टी पिवळ्यावर आली तर मान खाली घालून उठू नका. तिथेच विचारा: काय देऊ, किती वेळा देऊ, परत कधी आणू?