स्नायूंची चरबी होत नाही: एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

चाळिशीनंतर वजने उचलण्याचा व्यायाम सुरू करू नये, असे बजावणारा एक संदेश पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याची कारणे चार: व्यायाम सुटला की कमावलेल्या स्नायूंची चरबी होते, त्या वयात स्नायू तसेही वाढत नाहीत, वाढवायचेच असतील तर प्रथिनांची पावडर पुरते, आणि वजन घटले म्हणजे चरबी घटली.

पहिले कारण सर्वांत लोकप्रिय आणि सर्वांत चुकीचे आहे. स्नायूतंतू हा अनेक केंद्रके असलेला, ॲक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांनी भरलेला लांब तंतू असतो, तर चरबीची पेशी मेद साठवण्यासाठी घडलेली असते. एकीचे रूपांतर दुसरीत होत नाही. व्यायाम सोडलेला माणूस सुटतो, कारण ताण न मिळाल्याने तंतू बारीक होतात आणि आहार पूर्वीइतकाच राहिल्याने उरलेली ऊर्जा मेदाच्या रूपाने साठते. या दोन वेगळ्या घटना एकाच शरीरात एकाच वेळी घडतात, म्हणून त्या एकच भासतात. दीर्घकाळ न वापरलेल्या स्नायूत तंतूंच्या मधल्या जागेत चरबी शिरू शकते, हे खरे. पण तेथेही तंतूची चरबी झालेली नसते. मुळात स्नायूतील प्रथिने सतत मोडत आणि नव्याने घडत असतात, आणि या जमाखर्चात कोणती बाजू जड ठरते त्यावर स्नायू वाढणे किंवा घटणे अवलंबून असते. शिवाय, गमावलेला स्नायू पुन्हा कमावायला सहसा पहिल्या वेळेपेक्षा कमी काळ लागतो, तेव्हा सगळे वाया जाण्याची भीतीही अनाठायी आहे.

दुसऱ्या कारणात सत्याचा अंश आहे. वयानुसार स्नायू घटतात, त्यातही जलद आकुंचन पावणारे तंतू अधिक. या ऱ्हासाला 1989 मध्ये अमेरिकी संशोधक अर्विन रोझेनबर्ग यांनी 'सार्कोपेनिया' हे नाव सुचवले. मात्र कमी वाढणे आणि मुळीच न वाढणे यांत फरक आहे. 1990 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात शुश्रूषागृहात राहणाऱ्या, नव्वदीच्या आसपासच्या दुर्बल व्यक्तींकडून 8 आठवडे पायांचा भारव्यायाम करून घेतला गेला. ज्यांनी तो पूर्ण केला त्यांची ताकद सरासरी 174 टक्के वाढली आणि मांडीतील स्नायूंचे क्षेत्रफळ सुमारे 9 टक्के वाढले. अभ्यास अगदी लहान, जेमतेम दहा जणांचा होता, पण 'वाढतच नाहीत' हे विधान खोडायला तेवढा पुरेसा आहे. या दोन आकड्यांमधली तफावतही बोलकी आहे: सुरुवातीची बरीचशी ताकद स्नायू जाड होण्याआधीच, मज्जासंस्था आहेत तेच तंतू अधिक चांगले कामाला लावू लागल्याने येते. उलट बाजूही तपासली गेली आहे. 2007 च्या एका प्रयोगात सरासरी 67 वर्षे वयाच्या निरोगी व्यक्तींना 10 दिवस अंथरुणात ठेवले असता त्यांच्या पायांतील चरबीविरहित ऊतक जवळजवळ 1 किलोने घटले. म्हणजे संदेशाचा सल्ला मानल्यास, ज्या ऱ्हासाचा तो धाक दाखवतो तोच वेगाने ओढवतो.

पावडरीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रथिने हा कच्चा माल आहे, मागणी ताणामुळे निर्माण होते. भारव्यायामावरील अनेक अभ्यासांच्या 2018 मधील एकत्रित विश्लेषणात दररोज, शरीराच्या दर किलो वजनामागे सुमारे 1.6 ग्रॅमपुढे प्रथिने घेऊन स्नायूंच्या वाढीत सरासरी आणखी भर पडल्याचे दिसले नाही.

शेवटचा मुद्दा वजनकाट्याचा. आहार अचानक कमी केल्यावर पहिल्या काही दिवसांत जे वजन उतरते, त्यात मोठा वाटा पाण्याचा असतो, कारण शरीर आधी ग्लायकोजेन, म्हणजे स्नायू आणि यकृतात साठवलेली शर्करा, वापरते आणि तिच्या दर ग्रॅमसोबत साधारण 3 ग्रॅम पाणी बांधलेले असते. पुढे, भारव्यायाम नसेल तर घटलेल्या वजनाचा काही हिस्सा स्नायूंचाही असतो. स्नायूंची टक्केवारी दाखवणारे घरगुती काटे विजेच्या सूक्ष्म प्रवाहाला होणाऱ्या रोधावरून केवळ अंदाज बांधतात, आणि शरीरातील पाणी कमीजास्त झाले की तो अंदाजही हलतो. सार्कोपेनियाच्या 2019 च्या सुधारित युरोपीय निकषांनी तर संशयाची पहिली खूण म्हणून स्नायूंच्या वजनाऐवजी ताकदच धरली आहे: हातांचा आधार न घेता खुर्चीवरून 5 वेळा उठायला 15 सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पुढील तपासणी करावी.