‘अनुभवावर थेट पदवी’ या मेसेजबद्दल खुलासा

कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतींतल्या कामगारांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज फिरतोय: ‘फौंड्रीत दहा वर्षं काम केलंय? नवीन नियमानुसार परीक्षेशिवाय थेट पदवी, फक्त फी भरा.’ (फौंड्री म्हणजे धातू वितळवून साच्यात ओतण्याचा कारखाना.) हे खोटं आहे. कुणीही पैसे भरू नयेत.

नियम मात्र खरोखर आहे, आणि चांगला आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानं कामातून आलेल्या कौशल्यालाही क्रेडिट, म्हणजे पदवीसाठी जमा होणारं शिक्षणाचं माप, मिळण्याची वाट उघडली. पण ते मिळतं मूल्यमापनानंतरच; नुसता अनुभवाचा दाखला पुरत नाही. वाळू मुठीत दाबून ओल ओळखणारे मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे करणारे कारागीर, आपल्याकडे आहेत. त्यांनी ते परीक्षकापुढे करून दाखवायचं, कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या भागात, ब्लो होल (वायूमुळे राहिलेली पोकळी) का पडलं ते सांगायचं. शाळा लवकर सुटलेल्या या माणसांचं ज्ञान मोजलं जावं, हा त्यांचा हक्कच आहे. म्हणून तर त्यांच्या नावावर चाललेली ही फसवणूक जास्त संतापजनक वाटते.

शिकण्याच्या ३० तासांना १ क्रेडिट, वर्षाला ४०, असा हिशेब आहे. उरलेले क्रेडिट अभ्यास करूनच मिळवावे लागतात. शिवाय ही सोय प्रत्येक अभ्यासक्रमाला असेलच असं नाही. विद्यापीठात स्वतः जाऊन विचारा. मूळ कागदपत्रं एजंटाच्या हातात देऊ नका.