बटणं कमी म्हणून अडतं कुठे?

बोहेमिया कंपनीचा आर्मा रिफॉर्जर हा खऱ्याखुऱ्या लढाईच्या थाटाचा युद्धाचा गेम प्लेस्टेशन ५वर म्हटल्यावर त्यावरच्या लेखात लेखकाने नाक मुरडलंय. कीबोर्डशिवाय, कंट्रोलरच्या मोजक्या बटणांवर असला गेम जमायचाच नाही म्हणे. काहीतरीच! याच बोहेमियाचा ऑपरेशन फ्लॅशपॉइंट हा असाच युद्धाचा गेम २००१मध्ये पीसीवर आला आणि २००५मध्ये पहिल्या एक्सबॉक्स कन्सोलवरही. रिफॉर्जर तर २०२२पासून एक्सबॉक्सवर आहेच, मॉड्ससकट (म्हणजे खेळाडूंनी स्वतः केलेल्या बदल-भरींसकट). आणि सोकॉम या लष्करी गेमने २००२मध्येच प्लेस्टेशन २वर हेडसेटमधून तोंडी हुकूम सोडायची सोय केली होती.

खरी गोम वेगळीच आहे. रिफॉर्जरमधल्या एव्हरॉन बेटावर गोळी लागली की रक्त वाहत राहतं. झुडपाआड पडून पट्टी बांधायची, आणि तेवढ्यात दुरून ट्रकचा आवाज आला तर तो आपला की त्यांचा, कळायला मार्ग नाही. इथे नेमापेक्षा कान आणि रेडिओ जास्त कामाला येतात. शिवाय कुणीतरी मुकाट्याने रसद वाहायला हवी, नाहीतर पुढचा तळ नावालाच. झटपट गोळीबाराच्या गेम्सना (शूटर) सोकावलेली मंडळी नुसतं चालून चालून वैतागणार, हे मात्र लेखकाचं शंभर टक्के पटलं. मेनूतली अक्षरं तेवढी सोफ्यावरून वाचता येतील एवढी मोठी हवीत (चाळिशी लागलीय!), बटणांचं आम्ही बघून घेऊ.