काकाजी, ती जाड पिन परत लावा

परवा नागपुरात प्रतापनगरला काकाजींकडे गेलो. टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डाचा थ्री-पिन टॉप (प्लग) पाहिला, तर वरची जाड, अर्थिंगची पिन गायब. विचारलं तर त्यांनी मोबाइलच पुढे केला. "मेसेजमध्ये बरोबर लिहिलं हाय. पिन काढली आन् स्पीकरची गुणगुण बंद झाली ना!"

तो मेसेज मलाही चार गटांतून आला आहे. सेट-टॉप बॉक्स, व्हीसीआर आणि साउंड रिसीव्हर (स्पीकरना आवाज पुरवणारा डबा) एचडी टीव्हीला जोडायची पाच सूत्रं त्यात आहेत. एक, सोन्याचा मुलामा असलेली महाग एचडीएमआय केबल घेतल्याशिवाय खरं एचडी दिसत नाही. दोन, कन्व्हर्टर (जुन्या वायरींचं चित्र एचडीएमआयवर आणणारी डबी) लावला की जुन्या कॅसेटही एचडी दिसतात. तीन, सगळी यंत्रं आधी रिसीव्हरलाच जोडायची. चार, गुणगुण येत असेल किंवा झिणझिण्या लागत असतील तर प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका. पाच, टीव्ही चालू असताना केबल लावू-काढू नका.

चौथ्यापासून सुरुवात करतो, कारण काकाजींच्या त्याच बोर्डावर कूलरही लावलेला होता.

पिन काढल्यावर गुणगुण थांबते, हे खरं आहे. म्हणून तर लोक फसतात. केबलवाल्याची कोएक्स वायर, म्हणजे बॉक्सच्या मागे लागणारी गोल केबल, बाहेर कुठेतरी वेगळ्या जागी अर्थ झालेली असते आणि आपला टीव्ही घरच्या अर्थिंगवर असतो. दोन्ही ठिकाणच्या विजेच्या दाबात (व्होल्टेजमध्ये) थोडा फरक असला की केबलच्या वरच्या जाळीतून ५० हर्ट्झचा प्रवाह वाहायला लागतो. तोच स्पीकरमध्ये ऐकू येतो. पिन काढली की ते वर्तुळ तुटतं, आवाज जातो, आणि त्याच्यासोबत तुमचं संरक्षणही जातं.

आता त्या बोर्डाच्या आत काय झालं ते बघा. बोर्डातल्या सगळ्या सॉकेटांची अर्थिंगची भोकं एकाच पट्टीला जोडलेली असतात. भिंतीकडे जाणारा टॉप बिनपिनेचा झाला, पण ती पट्टी आत तशीच आहे. कूलरच्या मोटारीत किंवा पंपात पाणी शिरून पत्र्यात करंट उतरला तर त्याला जमिनीकडे जायला भरवशाची वाट नाही. तो पट्टीतून थ्री-पिन टीव्हीच्या चॅसिसवर (आतल्या धातूच्या सांगाड्यावर) येईल, तिथून एचडीएमआयच्या जाळीतून रिसीव्हरवर आणि सेट-टॉप बॉक्सच्या पत्र्यावर. म्हणजे कूलर बिघडला खिडकीत आणि २३० व्होल्ट आले चॅनेल बदलायला बॉक्सला हात लावणाऱ्या नातवाच्या बोटात. अर्थिंग शाबूत असती तर फ्यूज उडाला असता, किंवा आरसीसीबीने (करंट गळला की वीज तोडणाऱ्या स्विचने) तिथल्या तिथे वीज तोडली असती. आता तो आरसीसीबी माणसाच्या अंगातून करंट गेल्यावरच जागा होणार.

महावितरण दर उन्हाळ्यात कूलरबद्दल आवाहन काढतं. थ्री-पिन प्लगच वापरा, अर्थिंग तपासून घ्या, पाणी भरण्याआधी बटण बंद करून प्लग काढा. नागपूरकरांना ते पाठ असायला हवं. कूलरच्या शॉकने माणूस गेल्याची बातमी आपल्याकडे एखादाही उन्हाळा चुकवत नाही. हा मेसेज लिहिणाऱ्याने ते एकदा वाचलं असतं तर त्याची बोटं टाइप करताना थांबली असती. ती पिन बाकी दोन पिनांपेक्षा लांब ठेवलेली असते ती उगाच नाही. प्लग घालताना अर्थिंग आधी जोडलं जावं आणि काढताना शेवटी सुटावं, म्हणून.

गुणगुणीचं खरं औषध स्वस्त आहे. बॉक्सची कोएक्स वायर क्षणभर काढून बघा. आवाज थांबला तर दोष त्या वायरीतून येतोय. तिच्यावर एक छोटा आयसोलेटर (जाळीतला तो प्रवाह अडवणारा जोड) बसतो, केबलवाल्याला सांगा. झिणझिण्या येत असतील तर भिंतीतल्या सॉकेटला अर्थिंग पोचतंय का, ते इलेक्ट्रिशियनला तपासायला लावा. अशा वेळी अर्थिंग जोडून घ्यायचं असतं, आणि मेसेज नेमकं ते तोडायला सांगतो.

बाकीचं थोडक्यात.

महाग केबलचं सूत्र निव्वळ खोटं. एचडीएमआयमधून आकडे जातात. ते पोचले तर चित्र पूर्ण येतं, नाही पोचले तर ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. सोन्याने रंग गडद होत नाहीत. आपल्याकडचे एचडी चॅनेल बहुतेक १०८० आय (१०८० ओळींचं चित्र) असतात. दोन मीटरची, 'हाय स्पीड' छापलेली साधी केबल त्यांना पुरून उरते. बर्डीच्या बाजारातून मी घेतलेली तीनशे रुपयांची केबल अजून चालते आहे. चित्र खरंच पुसट असेल तर बॉक्स एचडीचा आहे का, पॅकमध्ये एचडी चॅनेल आहेत का, आणि बॉक्स अजूनही लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरीवर तर नाही ना, ते बघा.

कॅसेटचं ऐकून काकू हरखल्या होत्या, ताईच्या लग्नाची कॅसेट एचडीत बघायला मिळणार म्हणून. कन्व्हर्टर कामाचा आहे, कारण नव्या टीव्हींना पिवळं सॉकेट बरेचदा नसतंच. पण आपल्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत चित्राच्या दिसणाऱ्या ओळीच ५७६, आणि व्हीएचएस कॅसेटवर आडवा तपशील साधारण २४० रेषांइतका. जे टेपवर उतरलंच नाही ते कन्व्हर्टर कुठून आणणार? त्यापेक्षा टेप खराब होण्याआधी त्या लग्नाची डिजिटल प्रत करून घ्या. आणि टीव्हीवर चित्र ४:३ ठेवा, म्हणजे नवरी रुंद दिसणार नाही.

रिसीव्हरमधून जोडणं ठीक आहे, सक्ती नाही. २००९च्या एचडीएमआय १.४ पासून एआरसी आलं. ज्या सॉकेटवर ते छापलंय त्यातून टीव्ही आवाज उलट रिसीव्हरकडे पाठवतो. बॉक्स थेट टीव्हीला लावला तरी चालतं.

पाचवं सूत्र अर्धं बरोबर आहे, मान्य करतो. एचडीएमआय चालू यंत्राला लावता यावं अशीच बनवली आहे. पण अर्थिंग नसलेल्या घरात आणि दाब साचलेल्या कोएक्समुळे पोर्ट जळू शकतो, तेव्हा बंद करून लावलेलं बरं. मेसेजने आकाशातल्या विजेचं मात्र लिहिलंच नाही. जूनमध्ये गडगडायला लागलं की नुसतं बटण बंद करून भागत नाही. प्लग काढा आणि बॉक्सची कोएक्सही सोडवा, कारण ती वायर गच्चीवरून येते.

काकाजींच्या बोर्डाला त्याच संध्याकाळी नवा टॉप बसवला. कूलर आता भिंतीतल्या वेगळ्या सॉकेटवर आहे. गुणगुण परत आली आहे, आणि केबलवाला आयसोलेटर घेऊन उद्या येतो म्हणालाय.