रेमों कोपा: मैदानावरचा आणि मैदानाबाहेरचा

1958 च्या फुटबॉल विश्वचषकाचा विषय निघाला की फ्रान्सच्या जुस्त फोंतेनचे तेरा गोल सगळ्यांना आठवतात, पण त्या गोलांच्या मागे असलेल्या रेमों कोपाचा उल्लेख ओझरताच होतो. त्याच वर्षी युरोपातील सर्वोत्तम खेळाडूचा ‘बॅलन डी’ओर’ फोंतेनला नव्हे, कोपाला मिळाला होता, आणि तो निर्णय मला आजही योग्य वाटतो.

पोलंडहून आलेल्या खाणकामगारांच्या कुटुंबात, उत्तर फ्रान्समधल्या नू-ले-मीन या गावी 1931 मध्ये कोपाचा जन्म झाला. मूळ आडनाव कोपाशेव्स्की. किशोरवयातच तो कोळशाच्या खाणीत उतरला आणि तिथल्या अपघातात त्याने डाव्या हाताचे बोट गमावले. अंगकाठी लहान, पण चेंडू पायाशी ठेवून तो असा गर्रकन वळे की अंगावर आलेला बचावपटू भलत्याच दिशेला गेलेला असे. चेंडू फार वेळ स्वतःकडेच ठेवतो, अशी टीका त्याच्यावर सतत होई. रँस या फ्रेंच क्लबचा प्रशिक्षक आल्बेर बातो याने मात्र त्याचे ड्रिबलिंग कधी आवरले नाही. प्रतिस्पर्धी दोघे-तिघे कोपाभोवती गोळा झाले की फोंतेनसाठी जागा मोकळी होते, हे गणित बातोला पक्के ठाऊक होते.

1956 मध्ये पॅरिसला झालेल्या क्लबांच्या पहिल्या युरोपियन चषकाच्या अंतिम सामन्यात रेआल माद्रिदने रँसला 4-3 असे हरवले. रँसकडून तो सामना खेळणारा कोपा त्यानंतर माद्रिदलाच गेला आणि तिथे त्याने लागोपाठ तीन युरोपियन चषक जिंकले. मधली जागा माद्रिदचा आघाडीचा खेळाडू दि स्तेफानोची असल्यामुळे त्याला उजव्या बगलेवर खेळावे लागले. माझ्या मते यात त्याचा निम्मा खेळ वाया गेला, पण समोर चषकांची रांग असताना हे कोण ऐकून घेणार!

तरीही कोपाचे सर्वांत मोठे काम मला मैदानाबाहेरचे वाटते. त्या काळी फ्रान्समधला व्यावसायिक खेळाडू एकदा करारावर सही करून बसला की वयाच्या 35 व्या वर्षापर्यंत क्लबला बांधला जाई. त्याला विकायचे की ठेवायचे, हे क्लबच ठरवी. 1963 मध्ये ‘फ्रान्स दिमांश’ या साप्ताहिकात कोपाने ‘खेळाडू गुलाम आहेत’ असे जाहीरपणे म्हटले आणि त्यापायी निलंबनाची कारवाई ओढवून घेतली. सुस्थितीतल्या नामवंत खेळाडूने स्वतःला गुलाम म्हणवून घेणे अनेकांना खटकले, आणि शब्द जरा भडक होता हे मलाही मान्य आहे. पण ज्याची जागा उद्या सहज दुसऱ्याला देता येईल, अशा सामान्य खेळाडूने तेच म्हटले असते तर त्याची दखल कोणी घेतली असती? नावाचे वजन होते म्हणूनच कोपाला बोलणे भाग होते.

ठरावीक मुदतीचा करार फ्रान्समध्ये 1969 मध्ये आला. तोवर कोपा निवृत्त झाला होता. फायदा पुढच्या पिढीला झाला: 1979 मध्ये नान्सी या क्लबशी असलेला करार संपताच फ्रेंच खेळाडू मिशेल प्लातिनी सेंत-एतिएन या क्लबकडे गेला.